संकेतस्थळाचा पत्ता आणि पाटी



१८७५ साली पुण्यास न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी मराठी माणूस इतिहास, अर्थकारण, धर्म, शास्त्र अशा नाना विषयांवर व्याख्याने ऐकत आला आहे. त्या मानाने आजचा आमचा विषय काहींना कोरडा वाटेल. संकेतस्थळ बांधताना कोणते निर्णय घ्यावे, म्हणजे ते शोधणाऱ्याच्या दृष्टीस पडेल, आणि परमुलखातील शोधणाऱ्याच्याही दृष्टीस पडेल, हा तो विषय होय. हे तर संगणकवाल्यांचे काम, त्यात आम्हां गावकऱ्यांना काय रस, अशी शंका कोणाच्या मनात आली असेल तर ती गैर नाही. परंतु आमचे म्हणणे असे की, या निर्णयांपैकी पुष्कळसे संगणकाचे नाहीतच. ते भाषेचे, व्यवहाराचे आणि गावाच्या हिताचे आहेत. ते आपण घेतले नाहीत, तर दुसरा कोणी तरी आपल्यासाठी घेतो, आणि बहुधा न विचारताच घेतो.

बुटीबोरी हे वाटांचे गाव आहे. नागपूरहून दक्षिणेस येणारा महामार्ग येथे दुभंगतो. एक वाट हिंगणघाटावरून हैदराबादकडे जाते, दुसरी वर्धा-यवतमाळकडे. आगगाडीचीही तीच गोष्ट; उमरेडचा फाटा येथूनच निघतो. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे येथे जी वसाहत उभी राहिली, तिची गणना आज विस्ताराने मोठ्या वसाहतींत होते. टायर, पॉलिस्टरचा धागा, वीजवाहिन्यांचे मनोरे असा नाना प्रकारचा माल येथे तयार होतो. मोठ्या झाडाच्या सावलीत जशी लहान रोपे वाढतात, तशी या कारखान्यांच्या आसऱ्याने लेथची वर्कशॉपे, फॅब्रिकेशनची शेडे, पॅकिंगवाले, वाहतूकदार, खाणावळी वाढल्या. मोठ्या कारखान्यास हुडकून काढणे कोणासही अवघड नाही. प्रश्न आहे तो या लहानांचा.

तीन माणसे डोळ्यांपुढे आणा. एक, परदेशातील कोणा कारखान्याचा खरेदी अधिकारी. त्याला विशिष्ट मापाचा लोखंडी सुटा भाग हवा आहे. दुसरा, समुद्रपूरकडील आय. टी. आय. झालेला मुलगा, तो हातातल्या फोनवर मराठीत ‘बुटीबोरी नोकरी’ एवढेच टाकतो. तिसरी, रात्री अकरा वाजता मुलाला ताप भरलेली आई. जवळ कोणता दवाखाना उघडा आहे, एवढेच तिला पाहिजे. तिघेही एकाच दारात उभे आहेत. ते दार म्हणजे शोधयंत्र. तेथे खरे पान नसेल, तर दार रिकामे राहत नाही. त्या जागी दलालाचे पान येते, शिळ्या माहितीचे पान येते, आणि त्या मुलाच्या वाट्याला ‘अर्जासोबत इतके रुपये भरा’ असे सांगणारे लबाडाचेही पान येऊ शकते. खऱ्याने आपली पाटी लावली नाही म्हणजे खोट्याची पाटी वाचली जाते, इतका हा साधा हिशेब आहे.

आता हे शोधयंत्र काम कसे करते ते पाहू. शोधयंत्र तुमच्या प्रश्नानंतर जगभर धावत सुटते, अशी एक समजूत आहे. ती खरी नव्हे. त्याने आधीच फिरून ठेवलेले असते. त्याचे काम तीन टप्प्यांचे. पहिला टप्पा फिरतीचा: त्याचे दूत एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर जातात, जसा पोस्टमन एका आळीतून दुसऱ्या आळीत जातो. दुसरा टप्पा सूचीचा: काय पाहिले त्याची नोंद ठेवावयाची. तिसरा टप्पा क्रम लावण्याचा: प्रश्न आला की सूचीतील कोणती नोंद आधी, कोणती नंतर. ग्रंथालयशास्त्राचे आपले आचार्य रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांत वाचकाचा वेळ वाचविण्याचा आग्रह धरला होता. यंत्राचा हेतू त्याहून निराळा नाही. १९९८ साली गूगल स्थापणाऱ्या ब्रिन आणि पेज या दोघा विद्यार्थ्यांनी क्रम लावण्याची जी युक्ती काढली, तीही आपल्या ओळखीचीच आहे. एका पानाने दुसऱ्याकडे दाखविलेले बोट म्हणजे शिफारस; आणि शिफारस करणारा जितका वजनदार, तितके त्या शिफारशीस वजन. पुढे या मापात शेकडो गोष्टींची भर पडली, परंतु पाया हाच राहिला.

यातून एक गोष्ट उघड होते. जे पान फिरतीत सापडले नाही ते सूचीत जात नाही, आणि जे सूचीत नाही त्याला क्रम कोठला? म्हणून पहिला निर्णय दाराचा आहे.

संकेतस्थळाच्या दारावर ‘रोबोट्स’ नावाची एक चिठ्ठी लावण्याची रीत १९९४ पासून आहे. तिला रीतसर प्रमाणाचे रूप २०२२ साली मिळाले. या खोलीत यावे, त्या खोलीत येऊ नये, एवढेच ती दूताला सांगते. दुसरी एक सूचना पानाच्या आत लिहितात: ‘हे पान सूचीत घेऊ नये.’ या दोहोंत अंतर आहे आणि ते न ओळखल्यामुळे घोटाळे होतात. समजा, एखादे पान सूचीतून काढावयाचे आहे म्हणून कोणी आत ती सूचना लिहिली, आणि अधिक खबरदारी म्हणून दारही लावून घेतले. आता दूत आत येणारच नाही, तर आतली सूचना वाचणार कशी? दुसऱ्या कोणी त्या पानाकडे बोट दाखविले असेल, तर त्याचा नुसता पत्ता सूचीत राहू शकतो. उलट प्रकारही घडतो. संकेतस्थळ तयार होत असता ‘कोणी येऊ नये’ अशी चिठ्ठी लावलेली असते. पुढे उद्घाटन होते, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, आणि चिठ्ठी तशीच राहते. मालक महिनोन्‌महिने गिऱ्हाइकाची वाट पाहतो आणि दारावर ‘बंद’ लिहिलेले असते! म्हणून ज्यांची संकेतस्थळे आहेत त्यांनी आपल्या बांधणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा.

दुसरा निर्णय पत्त्याचा. बोरी नावाची गावे महाराष्ट्रात किती तरी आहेत. जुन्नराकडे बोरी बुद्रुक आहे, यवतमाळ जिल्ह्यात बोरी अरब आहे, आणि ही आपली बुटीबोरी. नुसते ‘बोरी’ म्हणून भागत नाही, हे आपल्या पूर्वजांना यंत्र नसताना कळले होते. म्हणून त्यांनी प्रत्येक बोरीला स्वतंत्र खूण लावली. संकेतस्थळाच्या पानांना मथळे देताना नेमके हेच विसरले जाते. वीस पाने असतात आणि विसांवर ‘मुख्य पृष्ठ’ किंवा ‘आमच्याविषयी’ एवढेच लिहिलेले असते. प्रत्येक पानाच्या मथळ्यात ते पान कशाचे, कोणाचे आणि कोठले, हे आले पाहिजे. ‘सेवा’ असे न लिहिता ‘लेथ व मिलिंगची कामे, बुटीबोरी औद्योगिक वसाहत’ असे लिहावे. यात अलंकार नाही, पण उपयोग आहे.

पत्त्याचा आणखी एक घोळ असतो. एकच पान चार पत्त्यांवर उघडते: आरंभी तीन डब्ल्यू लावून आणि न लावता, सुरक्षित जोडणीने आणि साध्या जोडणीने. यंत्राच्या लेखी ती चार पाने होतात आणि शिफारशींचे वजन चार ठिकाणी विभागले जाते. एका शेताचे चार सातबारे निघावे तसा हा प्रकार. यावर २००९ साली गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी मिळून एक खूण मान्य केली; तिला ‘कॅनॉनिकल’ म्हणतात. ‘यांपैकी मूळ पत्ता हा’ असे ती सांगते. आणि पत्ता बदलावाच लागला, तर जुन्या पत्त्यावर कायमचा वळसा ठेवावा, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेले टपाल नव्या घरी पोचते. नवे संकेतस्थळ बांधताना जुने सारे पत्ते पुसून टाकणे म्हणजे दहा वर्षांत मिळविलेली ओळख एका रात्रीत गमावणे होय.

आता आपल्या जिव्हाळ्याचा निर्णय: लिपीचा. मराठी मजकूर पडद्यावर दिसला म्हणजे तो मराठीत आहे, असे आपणांस वाटते. यंत्राचे तसे नाही. पूर्वी छपाईसाठी जे निरनिराळे फॉन्ट निघाले, त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसविल्या होत्या. डोळ्याला ‘संत्री’ दिसे, पण आत साठविलेली असत काही रोमन अक्षरे आणि चिन्हे. महाजालाच्या आरंभीच्या काळात अनेक मराठी वृत्तपत्रांची पाने अशीच होती. वाचणाऱ्याने तो फॉन्ट उतरवून घेतला तर वाचता येई, परंतु शोधयंत्राला ती पाने निव्वळ निरर्थक अक्षरांची रास वाटे. मराठीतील वर्षानुवर्षांचे लेखन अशा रीतीने असून नसल्यासारखे झाले. युनिकोडने हा प्रश्न सोडविला. १९९१ पासून त्यात देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे, आणि ती मांडणी आपल्याच देशातील ‘इस्की’ या १९८८ च्या प्रमाणावरून घेतलेली आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया आज शोधात सहज सापडतो, याचे एक कारण त्यातील अक्षरे यंत्रालाही अक्षरेच दिसतात, हे होय.

तरीही आजसुद्धा किती संस्था आपल्या सूचना जुन्या फॉन्टमध्ये लिहून, त्यांचे छायाचित्र काढून, ते चित्र पानावर चिकटवितात! शाळेच्या प्रवेशाची सूचना, पाणीपट्टीची मुदत, रुग्णालयाची वेळ, सारे चित्रांत. आता यंत्रे चित्रातील अक्षरे काही अंशी वाचू लागली आहेत हे खरे, परंतु त्यांच्या दयेवर आपली सूचना का सोडावी? आणि जो नेत्रहीन बांधव मजकूर मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या साधनाच्या साहाय्याने वाचतो, त्याने काय करावे? मजकूर मजकूर म्हणूनच लिहावा, चित्र शोभेला ठेवावे.

लिपीत आणखी बारकावे आहेत. ‘दुसऱ्या’ या शब्दातील तो अर्धा र संगणकावर दोन रीतींनी लिहिता येतो. ‘ॲग्रो’मधील पहिले अक्षरही दोन रीतींनी लिहिता येते. डोळ्याला दोन्ही सारखेच, आतले क्रमांक वेगळे. चांगली यंत्रे हा भेद मिटवून घेतात. परंतु तुमच्याच संकेतस्थळावरील लहानसा शोधखिडकीवजा कार्यक्रम तितका शहाणा असेलच असे नाही. म्हणून कोणती तरी एक रीत ठरवून ती सर्वत्र पाळावी. शिवाय मराठी शब्द एका रूपात बसून राहत नाही. संत्रे, संत्री, संत्र्याचा, संत्र्यांना. बुटीबोरी, बुटीबोरीत, बुटीबोरीहून. इंग्रजीत एका नामाची जितकी रूपे होतात त्याच्या कितीतरी पट येथे होतात. तेव्हा एकच शब्द यांत्रिकपणे पन्नास वेळा घुसडण्यापेक्षा सरळ, नैसर्गिक मराठी लिहावी. सगळी रूपे आपोआप येतात. गावाचे नाव रोमन लिपीत कोणी एका शब्दात लिहितो, कोणी दोन शब्दांत. तीही दोन्ही रूपे मजकुरात कोठे तरी ओघाने यावीत.

पत्त्यात देवनागरी वापरावी काय, असा एक रास्त प्रश्न विचारला जातो. वापरता येते. २०१४ च्या ऑगस्टमध्ये ‘.भारत’ हे क्षेत्रनाम देवनागरीत सुरू झाले आणि ते ज्या आठ भाषांसाठी होते त्यांत मराठी होती. अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे. परंतु व्यवहारही पाहिला पाहिजे. असे नाव यंत्रांच्या आपापसांतील व्यवहारासाठी रोमन अक्षरांच्या एका विचित्र माळेत बदलले जाते. आणि पत्त्याच्या पुढील भागात ‘बुटीबोरी’ असे लिहून तो पत्ता कोणाला पाठविला, तर पुष्कळदा काय होते? या नावात मात्रा-वेलांट्या धरून आठ वर्ण आहेत. प्रत्येक वर्णास तीन बाइट लागतात, आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन चिन्हांनी लिहिला जातो. म्हणजे आठ वर्णांच्या गावाची बहात्तर चिन्हे होतात! शोधयंत्राला दोन्ही समजतात, त्याची काळजी नाही; काळजी माणसाची आहे. आमचे मत असे की, पावतीवर छापावयाचा, फोनवर सांगावयाचा पत्ता आखूड रोमन अक्षरांत ठेवावा. पानावरील मथळा आणि मजकूर मात्र निःसंकोच मराठीत असावा. अभिमान मजकुरात दाखवावा. पत्ता सोयीचा असावा.

येथवर घरचे झाले. आता परमुलखाकडे वळू. बाहेरच्या देशांत माल विकावयाचा तर संकेतस्थळाची मांडणी तीन प्रकारे करता येते. पहिला प्रकार, प्रत्येक देशाचे वेगळे क्षेत्रनाम घेणे: भारतासाठी ‘.इन’, दुसऱ्या देशासाठी त्याचे. यात कोणत्या देशासाठी ते स्पष्ट होते, परंतु प्रत्येक नावाची ओळख पहिल्यापासून कमवावी लागते. पाच देशांत पाच दुकाने थाटण्यासारखे ते आहे. दुसरा प्रकार उपक्षेत्राचा: नाव एकच, त्याच्या पुढे देशाची किंवा भाषेची खूण. तिसरा प्रकार, एकाच संकेतस्थळात निरनिराळे विभाग: एकाच वाड्यात मराठीची खोली, इंग्रजीची खोली, बंगालीची खोली. यात मिळालेली प्रत्येक शिफारस साऱ्या वाड्याच्या उपयोगी पडते आणि देखभाल एकाच ठिकाणी राहते. ज्याच्याजवळ प्रत्येक देशात माणसे आणि पैसा आहे त्याने पहिला प्रकार खुशाल घ्यावा. वसाहतीतील दहा-वीस कामगारांच्या उद्योगाने तिसराच घ्यावा, असे आम्ही स्पष्टपणे सांगू. त्यातही ‘.इन’ हे नाव सामान्यतः भारताचेच समजले जाते; म्हणून ज्याचे बरेचसे गिऱ्हाईक बाहेरचे आहे त्याने देशाशी न बांधलेले नाव घेणे श्रेयस्कर. पूर्वी गूगलच्या व्यवस्थेत ‘हे संकेतस्थळ अमुक देशासाठी’ असे सांगण्याची एक वेगळी सोय होती. ती २०२२ साली बंद झाली. जुन्या पुस्तकांवरून शिकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

परंतु एका वाड्यात चार खोल्या केल्या, तर कोणत्या पाहुण्याला कोणत्या खोलीत न्यावे हे यंत्राने कसे ओळखावे? आपल्या स्थानकावरील पाटी आठवा. महाराष्ट्रात स्थानकाचे नाव मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत लिहितात. पाट्या तीन, स्थानक एकच. संकेतस्थळावर हेच काम ‘एचरेफलँग’ नावाची खूण करते. गूगलने ती २०११ च्या अखेरीस आणली. ‘याच मजकुराचे मराठी पान येथे, इंग्रजी पान तेथे’ असे ती सांगते, आणि कोणत्याच वर्गात न बसणाऱ्या पाहुण्यासाठी एक सामाईक पानही तीत नोंदविता येते. ती सोय २०१३ पासून आहे.

या खुणेचे नियम थोडे, पण कडक आहेत. पहिला नियम परस्परसंमतीचा. मराठी पानाने इंग्रजी पानाकडे बोट दाखविले, तर इंग्रजी पानानेही उलट बोट दाखविले पाहिजे. नाही तर ती खूण धरली जात नाही. भावाभावांच्या वाटणीच्या कागदावर दोघांच्याही सह्या लागतात, त्याप्रमाणेच हे. नाही तर कोणीही उठून दुसऱ्याच्या पानाला आपले म्हणेल. दुसरा नियम, प्रत्येक पानाने यादीत स्वतःचेही नाव घालावे. तिसरा, संकेत प्रमाण असावेत. भाषा आधी, देश मागाहून. देश सोडला तरी चालतो, भाषा सोडून चालत नाही. मराठीचा संकेत ‘एमआर’. आपले मराठी वाचक अमेरिकेत असोत की मॉरिशसमध्ये, त्यांच्यासाठी नुसता ‘एमआर’ पुरतो. ब्रिटनसाठी पुष्कळजण ‘यूके’ लिहितात. देशाचा प्रमाण संकेत ‘जीबी’ आहे, आणि भाषांच्या यादीत ‘यूके’ म्हणजे युक्रेनी भाषा! चौथा नियम, मराठी पानावरील ‘मूळ पत्ता’ ही मघाची खूण इंग्रजी पानाकडे वळवू नये. तसे करणे म्हणजे मराठी पान हे स्वतंत्र पानच नव्हे, असे आपल्याच हाताने लिहून देणे. भाषांतर ही नक्कल नव्हे. ते त्या वाचकापुरते मूळच आहे.

देश आणि भाषा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आपल्या जिल्ह्यातील उदाहरणाने पाहू. काटोल-नरखेडकडील संत्र्याचे मोठे परदेशी गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. तेथील व्यापारी बंगाली वाचतो. कोलकात्याचा व्यापारीही बंगालीच वाचतो. भाषा एक, पण एकाला टाका हवा, दुसऱ्याला रुपया. एकाला आयातशुल्काची आणि सरहद्दीची माहिती हवी, दुसऱ्याला नुसत्या मालगाडीची. अशा ठिकाणी दोन पाने हवीत: बंगाली-बांगलादेश आणि बंगाली-भारत. उलट जेथे किंमत, माप, नियम यांत काहीच फरक नाही, तेथे उगाच दहा देशांची दहा पाने करू नयेत. जितके देश तितकी पाने, असा नियम नाही. जितक्या गरजा तितकी पाने, हा नियम आहे.

काही हुशार मंडळी यावर तोड काढतात. पाहुणा कोणत्या देशातून आला हे ओळखून त्याला परस्पर त्या पानावर ढकलावयाचे! सोय वाटते, पण धोका मोठा आहे. गूगलचे दूत बहुतेक करून अमेरिकेच्या पत्त्यांवरून येतात. त्यांना प्रत्येक वेळी इंग्रजी पानावर ढकलले, तर मराठी पान त्यांच्या दृष्टीसच पडणार नाही. शिवाय न्यू जर्सीतील मराठी आजोबांना मराठी वाचावयाचे असेल तर? दार सर्वांना उघडे ठेवावे, भाषेची निवड ठळक दाखवावी, आणि निर्णय पाहुण्यावर सोपवावा, हीच खरी रीत. येथे आणखी एक लक्षात ठेवावे: पानाची भाषा गूगल ठरविते ती पानावरील प्रत्यक्ष मजकुरावरून. मराठी आणि हिंदी या दोहोंची लिपी एकच. तेव्हा वरची पट्टी मराठी, मधला मजकूर हिंदी आणि खालची टीप इंग्रजी अशी खिचडी केली, तर यंत्राचाही गोंधळ होतो आणि माणसाचाही. एका पानाची एक भाषा असावी.

जग म्हणजे केवळ गूगल नव्हे, हेही सांगितले पाहिजे. चीनमध्ये बायडू, रशियात यांडेक्स, दक्षिण कोरियात नेव्हर यांचा व्यवहार मोठा आहे. २०१० साली गूगलने चीनच्या मुख्य भूमीतून आपले शोधयंत्र हलविले. ज्याला त्या देशांत माल विकावयाचा आहे त्याने तेथील यंत्राच्या रीती शिकाव्या. बाजार बदलला की वजनमापे बदलतात, हे व्यापाऱ्याला आम्ही काय सांगावे?

राहिला वेगाचा प्रश्न. २०१६ साली गूगलने जाहीर केले की, पुढे सूचीसाठी संकेतस्थळाचे मोबाइलवरील रूप पाहिले जाईल. २०२३ साली ते स्थित्यंतर पूर्ण झाले. म्हणजे जे मोबाइलवर लपविले ते यंत्रापासूनही लपले. पानातील मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, अशी त्यांची अपेक्षा आहे. यंत्राचे सोडा, फाट्यावर एस. टी.ची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसाच्या जुन्या फोनचा विचार करा. त्याच्यासमोर आपण आठ-दहा मोठी छायाचित्रे, हलती पट्टी आणि उद्घाटनाची चित्रफीत ठेवतो, आणि त्याला हवा असतो एक फोन नंबर! चित्रे हलकी करावीत, नंबर वर ठेवावा.

आता दोन आक्षेपांचा विचार करून आम्ही आटोपते घेऊ. पहिला आक्षेप असा की, मराठीत शोधतो कोण? व्यवहार इंग्रजीत चालतो, मग मराठी पानाचा खटाटोप कशाला? आमचे उत्तर असे की, माल घेणारा इंग्रजीत शोधत असेल, पण काम शोधणारा, औषध शोधणारा, शाळा शोधणारा आपल्या भाषेत शोधतो. ज्या कारखान्याचे मराठीत एकही पान नाही त्याच्या नावाने मराठीत कोणीही खोटी भरती जाहीर करू शकतो, कारण ती खोडून काढणारे खरे पान सूचीतच नाही. ‘आम्ही नोकरीसाठी कोणाकडूनही पैसे घेत नाही, भरतीची माहिती याच पानावर मिळेल’ एवढी दोन वाक्ये युनिकोड मराठीत, ठळक मथळ्याखाली असली, तर कोणा गरिबाच्या आईचे मंगळसूत्र सावकाराकडे जाण्यापासून वाचू शकते. त्या दोन वाक्यांचा खर्च किती? जवळजवळ शून्य.

दुसरा आक्षेप अधिक नवा आहे. २०२४ पासून शोधयंत्रे पानांची यादी देण्याआधी स्वतःच उत्तर रचून दाखवू लागली आहेत. मग पाने नीट करण्याचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि पूर्वीपेक्षा अधिक आहे. यंत्र उत्तर रचते ते कोठे तरी लिहिलेल्या मजकुराच्या आधारावर. बुटीबोरीविषयी बुटीबोरीने लिहिले नाही, तर दुसऱ्याने लिहिलेल्या अर्ध्यामुर्ध्या मजकुरावरून ते उत्तर तयार होईल, आणि तेच जगभर सांगितले जाईल. विहिरीत पाणी आपण सोडले नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

तेव्हा आमची विनंती एवढीच की, व्याख्यान संपल्यावर घरी जाऊन प्रत्येकाने आपल्या दुकानाचे, शाळेचे, दवाखान्याचे नाव फोनवर एकदा मराठीत आणि एकदा इंग्रजीत टाकून पाहावे. पान सापडते काय? त्यावरील अक्षरांवर बोट दाबून ती उचलता येतात काय, की ते नुसते चित्र आहे? मथळ्यात गावाचे नाव आहे काय? फोन नंबर चालू आहे काय? दिवाळीपूर्वीची सूचना अजून लटकत आहे काय? याला पदवी लागत नाही, पैसा लागत नाही. पाच मिनिटे लागतात. ज्यांना जमते त्यांनी शेजाऱ्याचे पान पाहून द्यावे. येथील महाविद्यालयीन तरुणांनी उन्हाळ्याच्या सुटीत दहा-दहा लहान उद्योगांची पाने तपासून दिली, तर ती या व्याख्यानमालेची खरी फलश्रुती होईल.

येथून वाटा फुटतात, हे या गावाचे भाग्य आहे. आता एक नवी वाट गावावरून चालली आहे. तिच्यावर डांबर नाही आणि रूळही नाहीत. त्या वाटेवर आपली पाटी आपल्या अक्षरांत, खरी आणि वाचता येईल अशी लावणे, एवढे तरी आपल्या हातचे आहे.